सात टेकड्या, सत्तर सल्ले

परदेशी निघालेल्या मराठी माणसाला व्हिसा उशिरा मिळतो, सल्ले मात्र आधीच मिळालेले असतात. लंडन, पॅरिस, स्वित्झर्लंड यांचे सल्ले तर आता इतके मुरलेत की ते कुणाला विचारावेही लागत नाहीत. खाकरे किती, मेतकूट किती, कुठल्या डोंगरावर शाल लागते, सगळं ठरलेलं. लिस्बनचं तसं नाही. पोर्तुगाल आपल्या सहलींच्या यादीत उशिरा आला. सल्ल्यांचा साचा अजून बसलेला नाही, त्यामुळे ज्याला जे सुचेल ते तो सांगतो, आणि ज्याला काहीच सुचत नाही तो जास्त वेळ सांगतो.

सगळ्यांत आधी भेटतो तो "गोव्यासारखंच आहे हो सगळं" म्हणणारा. हा लिस्बनला गेलेला नसतो, पण पणजीच्या फोंतेन्यासमध्ये पिवळ्या भिंतीला टेकून त्याने फोटो काढलेला असतो. त्याच्या भरवशावर माणसं अर्ध्या चड्ड्या, गॉगल आणि पोहायचे कपडे भरून निघतात. लिस्बन शहर समुद्रावर नाही, तेजो नदीच्या मुखाशी आहे. समुद्रात उतरायचं तर काइश दु सोद्रे स्थानकातून गाडी धरून चाळीसेक मिनिटांवर कश्काइशला जावं लागतं. तिथलं अटलांटिकचं पाणी ऑगस्टातही असं गार असतं की पाय बुडवलेला माणूस आल्या पावली वाळूत येऊन बसतो आणि "बघायला छान आहे" एवढंच म्हणतो. गोव्यासारखं काय असेल, तर दुपारी पाण्याकडे बघत काहीही न करता बसायची लोकांची तयारी. तेवढ्यापुरतं तो म्हणतो ते खरं.

दुसरा सल्लागार जास्त धोक्याचा. हा तरुण असतो, रोज रात्री झोपण्याआधी प्रवासाचे व्हिडिओ बघतो आणि गंभीर आवाजात सांगतो, "काकू, टूरिस्ट जातात तिथे जाऊच नका. लोकल लोक जातात तिथे जा." काकू मान डोलावतात. मग लिस्बनच्या एखाद्या बोळात उभं राहून काकूंनी लोकल माणूस ओळखायचा कसा? बरं, ओळखला, तर त्याच्या मागोमाग जायचं का?

लिस्बनचा खरा लोकल माणूस दुपारी एकच्या सुमारास ऑफिसजवळच्या 'तास्का'त, म्हणजे आपल्याकडच्या खाणावळीसारख्या ठिकाणी, कागद अंथरलेल्या टेबलावर सूप आणि त्या दिवशीचं ताट जेवतो. भिंतीवरच्या टीव्हीत फुटबॉल चालू असतो, तो बघतो. काउंटरशी उभ्याउभ्या घोटभर कॉफी पितो आणि कामावर परत जातो. यात गुपित काहीच नाही. रविवारी कुठे जाता असं त्याला विचारलंत तर तो बहुधा कोलोंबु मॉलचं नाव सांगेल, कारण तिथे गाडी लावायला जागा आहे. सात समुद्र ओलांडून कुणी मॉलमध्ये जात नाही, म्हणून हा सल्ला कुठल्याही व्हिडिओत येत नाही.

तरी सल्ला देण्याची हौस थोरांनाही सुटलेली नाही. पोर्तुगीजांचा महाकवी फर्नांदु पेसोआ याने १९२५ च्या सुमारास प्रवाशांसाठी लिस्बनचं मार्गदर्शक पुस्तक लिहिलं, तेही इंग्रजीत. मग ते त्याच्या कागदपत्रांच्या ढिगात पडून राहिलं. पेसोआ १९३५ मध्ये गेला आणि पुस्तक छापून आलं १९९२ मध्ये. फुकट सल्ला देणाऱ्यांनी एवढा धीर ठेवायला हवा. त्या पुस्तकात एक फार मोठं शहाणपण आहे: पेसोआ पाहुण्याला मोटारीत बसवून फिरवतो. आता शियादुमध्ये 'अ ब्राझिलेइरा' या जुन्या कॅफेच्या दारात त्याचा कांस्याचा पुतळा टेबलाशी बसलेला आहे आणि शेजारी एक रिकामी खुर्ची आहे, तीही कांस्याची. दिवसभर लोक त्या खुर्चीत बसून, त्याच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढतात. पुस्तकाचं नाव त्यांतल्या फार थोड्यांना ठाऊक असतं.

मोटारीचं शहाणपण म्हणायचं कारण असं, की लिस्बन सात टेकड्यांवर वसलंय असं सांगतात आणि पर्यटकाला त्या सातही एकाच दिवशी चढाव्या लागतात. फोनवरचा नकाशा फसवा. त्यात हॉटेल तीनशे मीटरवर दिसतं. ते तीनशे मीटर आडवे नसून बरेचसे उभे आहेत, हे नकाशा सांगत नाही. आपल्याकडची माणसं "पर्वतीला रोज जातो मी" म्हणत जोरात सुरुवात करतात. पर्वतीला पायऱ्या संपल्या की देव भेटतो. इथे पायऱ्या संपल्या की चढ लागतो.

त्यात खाली 'काल्सादा', म्हणजे पांढऱ्या-काळ्या चुनखडी दगडाचे छोटे तुकडे हाताने बसवून केलेली फरसबंदी. दिसायला देखणी. रोसियु चौकात तिच्यावर काळ्या लाटांची नक्षी आहे, ती एकोणिसाव्या शतकापासूनची. पण पावलांनी घासून घासून हे दगड गुळगुळीत झालेत, आणि पावसाची एक सर आली की नवी चप्पल घातलेला माणूस त्या लाटांवर खरोखर तरंगायला लागतो. म्हणून मला कुणी लिस्बनबद्दल विचारलं की मी आधी बुटांबद्दल विचारतो. माझ्या मावशीने मोठ्या आशेने फोन केला होता. "अरे, तिथलं एखादं खास ठिकाण सांग ना, कुणाला माहीत नसलेलं." मी म्हटलं, "मावशी, तुझ्या बुटांचे तळवे कसे आहेत?" तिने फोन मावसोबांकडे दिला.

वास्तविक ज्याला खास म्हणावं असं लिस्बनचं ज्ञान सगळं गुडघ्यांविषयीच आहे. सांता जुस्ताचा लोखंडी लिफ्टमनोरा १९०२ मधला, पंचेचाळीस मीटर उंच, त्यापुढे एरवी ही भली मोठी रांग. त्या मनोऱ्याचं वरचं टोक कार्मोच्या मठापाशी निघतं, आणि तिथे शियादुमधून पाच मिनिटं चालून जाता येतं. मग शियादुपर्यंत कसं चढायचं? बायशा-शियादु या मेट्रो स्थानकात खालच्या, बायशाच्या दाराने शिरायचं आणि लांबच लांब सरकत्या जिन्यांवर उभं राहायचं. तिकीट लागत नाही. बाहेर येता ते थेट पेसोआच्या पुतळ्यासमोर. तसंच किल्ल्याच्या टेकडीचं. रुआ दुश फांकेइरुश या रस्त्यावर एका साध्या इमारतीत सार्वजनिक लिफ्ट आहे, ती फुकट वरच्या रस्त्यावर सोडते. थोडं पुढे एका सुपरमार्केटच्या इमारतीत दुसरी लिफ्ट, ती आणखी वर नेते. किल्ल्याच्या वाटेवरचा निम्मा घाम तिथेच वाचतो. मी हे जीव तोडून सांगतो आणि समोरचा म्हणतो, "ते ठीक आहे, पण ती पिवळी ट्राम?"

ती पिवळी ट्राम म्हणजे अठ्ठावीस नंबर. सगळे सल्लागार एकमुखाने सांगतात की ट्राममध्ये बसा. बसा हा शब्द ते कसा वापरतात कोण जाणे. लाकडी अंतरंगाची ती जुनी, बुटकी गाडी मार्तीम मोनीशच्या चौकातून निघते तेव्हाच भरलेली असते. पुढच्या थांब्यांवर भाजीच्या पिशव्या घेतलेल्या आजीबाई, म्हणजे ज्यांच्यासाठी ती गाडी मुळात आहे त्या, फुटपाथवरून तिच्याकडे बघत राहतात. बसायलाच हवं असेल तर सकाळी लवकर जा, नाही तर दुसऱ्या टोकाला, कांपु द ओरीकला जाऊन चढा. ते टोक प्राझेरेशच्या कब्रस्तानाच्या फाटकाशी आहे. तिथून चढणारे कमी असतात. आणि तिकीट ड्रायव्हरकडे काढू नका, ते बरंच महाग पडतं. मेट्रो स्थानकात मिळणारं पैसे भरायचं कार्ड घ्या. प्रत्येकाला वेगळं कार्ड लागतं. "आम्ही चौघं एकाच कुटुंबातले आहोत," हे त्या यंत्राला पटत नाही.

पाकीटमारांचा इशाराही सगळे देतात, आणि मुंबईकर त्यावर हसतो. आम्हाला शिकवू नका, आम्ही विरार लोकलने जातो. मुंबईत तो खरोखरच सावध असतो, पण तिथे त्याचं सगळं लक्ष फाटक्या माणसावर असतं. लिस्बनचा पाकीटमार इस्त्रीचा शर्ट, गळ्यात कॅमेरा, हातात नकाशा असा येतो. मुंबईकर त्याला आपणहून सरकून जागा देतो.

बायशाच्या भागात आणखी एक जमात भेटते. एखादा गृहस्थ जवळून जाताना हलक्या आवाजात "हशीश, हशीश" म्हणतो. समोरचा माणूस सत्तर वर्षांचा आहे, डोक्यावर माकडटोपी आहे, याने त्याला फरक पडत नाही. घाबरू नका, नको म्हणा आणि चालू लागा. ते जे विकतात ते बऱ्याचदा दाबून वडी केलेलं तमालपत्र असतं, आणि तमालपत्र विकणं हा अमली पदार्थांचा गुन्हा होत नसल्याने पोलिसांची पंचाईत होते. हे ऐकून माझी एक आत्या नुसतीच गप्प झाली. तिच्या फोडणीच्या डब्यात किती लाखांचा माल आहे याचा ती मनाशी हिशेब करत होती.

आता जेवण. इथे मात्र सल्लागारांची खरी गरज असते आणि नेमके इथेच ते गप्प असतात. हॉटेलात बसलात की न मागता टेबलावर पाव येतो, लोणी येतं, ऑलिव्ह येतात, कधी चीजचा तुकडा, कधी सार्डिनची पेस्ट. याला तिथे 'कुव्हेर' म्हणतात. आपला माणूस त्याला लोणचं-पापड समजतो. उडप्याकडे सांबार पुन्हा मागायची सवय असल्याने तो पावही पुन्हा मागतो, वाढप्याच्या अगत्याचं कौतुक करतो, "युरोपात असं कुठे होत नाही बघ," असं बायकोला सांगतो. बिल आलं की कळतं की पाव वेगळा, लोणी वेगळं, ऑलिव्ह वेगळे. यात फसवणूक काही नाही, मेन्यूत भाव छापलेले असतात. नको असेल तर हात लावू नका, सरळ परत पाठवा. त्याचे पैसे लागत नाहीत आणि कुणी वाईट वाटून घेत नाही. वाईट वाटतं ते आपल्यालाच, कारण आलेलं ताट परत पाठवायचं आपल्या हाताला वळण नाही.

शाकाहारी मंडळींनी सुपापासूनच सावध व्हावं. काल्दु व्हेर्द नावाचं हिरवंगार सूप असतं, बटाटा आणि बारीक चिरलेल्या कोबीच्या जातीतल्या पानांचं. दिसायला अळूच्या फदफद्याचं धाकटं भावंड. तळाशी सॉसेजची एक चकती असते. वाढप्याला विचारलं तर तो निरागसपणे सांगतो की ते मांस नाही, चवीपुरतं आहे. "नो मीट" म्हटलं तर तो मासा सुचवतो, आणि मासाही नको म्हटलं तर आधी तुमच्या तब्येतीची चौकशी करतो. सुक्या खारवलेल्या कॉड माशाचं, बाकाल्याउचं, या लोकांना इतकं वेड आहे की वर्षाच्या प्रत्येक दिवसाला त्याची वेगळी पाककृती आहे असं ते अभिमानाने सांगतात. गंमत म्हणजे हा मासा त्यांच्या किनाऱ्यावर मिळतच नाही, शेकडो वर्षं तो उत्तरेच्या थंड समुद्रातून येतोय. आपल्या माणसाला दिलासा एकच: ताटात भात आणि बटाटा दोन्ही एकदम येतात. डाएट करणाऱ्या मुली यावर नाक मुरडतात, सासऱ्यांना मात्र हा देश सुसंस्कृत वाटू लागतो. आणि मेन्यूत 'मेया दोज' दिसलं तर तेच मागवा. ते अर्धं ताट एका माणसाला पुरतं. पूर्ण ताट मागवणारे पुढचे दोन तास चढ चढू शकत नाहीत.

गोडात अर्थातच पास्तेल द नाता, तो पिवळाधमक, वरून करपलेला पदार्थ. बेलेंचं प्रसिद्ध दुकान १८३७ पासूनचं. बाहेर फुटपाथभर रांग असते आणि तिच्यात उभे राहून लोक एकमेकांना आपण किती दुर्मीळ जागी आलो ते सांगतात. ती रांग बहुतेक बांधून नेणाऱ्यांची. आत निळ्या टाइल्सच्या खोल्यांमागून खोल्या आहेत, तिथे बसायला जागा बहुधा लवकर मिळते. वरून दालचिनी भुरभुरायची. तो पिवळा रंग अंड्याच्या बलकाचा असतो, ही माहिती सल्लागार का देत नाहीत हे मला कळलेलं नाही. कडक शाकाहारी घराण्यातल्या एका वहिनींनी मला परत आल्यावर विचारलं, "त्यात अंडं नसतं ना हो?" मी म्हटलं, "वहिनी, तुम्ही किती खाल्लेत?" त्या म्हणाल्या, "मग राहू द्या."

बेलेंला जेरोनिमुशचा मठ आहे आणि त्यात वास्को द गामाचं थडगं. कालिकतला १४९८ मध्ये आलेला हा माणूस १५२४ मध्ये कोचीत वारला, त्याचे अवशेष नंतर पोर्तुगालला नेले. त्या थडग्यापाशी प्रत्येक मराठी गटातले इतिहासप्रेमी काका चेकाळतात. मुंबई ब्रागांझाच्या कॅथरीनच्या लग्नात इंग्रजांना आंदण कशी मिळाली, इथून सुरुवात होते. मग ते चिमाजी अप्पांवर येतात आणि "वसई आम्ही १७३९ मध्ये यांच्याकडून घेतली" हे गाइडला ऐकू जाईल अशा आवाजात सांगतात. गाइड सभ्यपणे मान हलवते. तिने वसईचं नाव ऐकलेलं नसतं. काकांना मात्र हिशेब चुकता केल्याचं समाधान मिळतं आणि ते बाहेर येऊन आणखी दोन पास्तेल खातात.

रात्री फादु ऐकायला जा असं सगळे सांगतात, आणि जावंच. २०११ मध्ये युनेस्कोने या गाण्याला मानवजातीच्या वारशात जागा दिली. दिवे मंद होतात, बारा तारांची पोर्तुगीज गिटार सुरू होते आणि वाढपी जिथल्या तिथे थांबतात. गाणं चालू असताना बोलायचं नाही, चमचा वाजवायचा नाही. बैठकीत "क्या बात है" म्हणायची सवय झालेल्यांना हे जड जातं. त्याहून जड जातं ते अर्थ विचारणाऱ्यांना. "काय म्हणतेय रे ती?" असं मधेच विचारणाऱ्या आजोबांकडे शेजारच्या टेबलावरून अशी नजर येते की ती समजायला पोर्तुगीज लागत नाही. म्हणून जेवण आधीच उरकून घ्यावं आणि प्रश्न दोन गाण्यांच्या मधे विचारावेत. उत्तर बहुतेक वेळा "तो गेला आणि परत आला नाही" असंच असतं.

जूनमध्ये जाणाऱ्यांना एक वेगळीच मजा मिळते. १२ तारखेच्या रात्री संत आंतोनियुचा सण असतो, गल्ल्यांतून सार्डिन भाजण्याचा धूर आणि रस्त्यावर अख्खं शहर. त्या दिवसांत लोक एकमेकांना 'मांजेरीकु'ची कुंडी देतात. हे आपल्या तुळशीच्या गोतातलंच गोल झुडूप, त्यात कागदी फूल आणि चार ओळींची कविता खोचलेली. त्याला नाक लावून वास घ्यायचा नाही, झाड दुखावतं म्हणतात. तळहात हळूच वरून फिरवायचा आणि हाताचा वास घ्यायचा. हे मी आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "बरोबरच आहे." एवढ्या सगळ्या लिस्बनमधलं तिला तेवढंच पटलं.

आता पुन्हा त्या लोकल माणसाकडे येतो, कारण लोक सोडत नाहीत. अल्फामा हा जुना कोळ्या-खलाशांचा मोहल्ला. १ नोव्हेंबर १७५५ च्या भूकंपाने नदीकाठचं शहर जमीनदोस्त केलं, हा भाग बऱ्यापैकी वाचला. भूकंपाला न जमलेलं काम आता चाकांच्या बॅगा करतायत. घराघराला किल्लीची पेटी आणि चार रात्रींचे भाडेकरू. तिथे राहणारी कितीतरी माणसं भाडं परवडेना म्हणून नदीपलीकडे गेली. तेव्हा लोकल लोक हवे असतील तर संध्याकाळी काइश दु सोद्रेहून कासील्यासची बोट धरा. नदीच्या सहलीच्या महागड्या तिकिटाऐवजी तेच मेट्रोचं कार्ड चालतं, दहाएक मिनिटांचा प्रवास, तीच नदी, तोच २५ एप्रिलचा लाल पूल, तोच मावळता सूर्य. बोटीतली माणसं मात्र सूर्याकडे बघत नाहीत, दमून फोनमध्ये बघत बसलेली असतात. यांच्याइतके लोकल तुम्हाला किल्ल्यावर सापडणार नाहीत.

आणि घरच्या चवीची आठवण आलीच, तर मार्तीम मोनीशच्या आसपास तूरडाळ, हिंग, कढीपत्ता सगळं मिळतं. लिस्बनच्या बारमध्ये काचेच्या पेटीत 'शामुसा'ही असतो. तो आपला समोसाच, आत बटाटा असेलच असं मात्र नाही. विचारून घ्या.

जाऊन या. परत आलात की तुम्हीही सल्ले द्याल, सरकत्या जिन्याचं विसराल आणि त्या ट्रामचंच सांगाल, हे मला माहीत आहे. फक्त तिकिटं काढताना दिवस बघा: जेरोनिमुशचा मठ सोमवारी बंद असतो.